दोन गैरहजर आमदार

आसन क्रमांक १४२वर सगुणा कोडापे बसलेल्या होत्या. समोर कागद होते, चष्मा नाकावर होता, आणि शेजारच्या आमदारांशी नुकतंच त्यांचं दोन शब्द बोलणंही झालं होतं. तरी मतदानाची घंटा थांबली तेव्हा भिंतीवरच्या फलकावर त्यांच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली: गैरहजर.

त्या उठून उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, मी इथं आहे जी."

विरोधी बाकांवर हशा पिकला. अध्यक्षांनाही हसू आवरेना. "सन्माननीय सदस्या मला दिसताहेत. पण आसनाची नोंद अंतिम मानावी, हे कलम आपणच लिहिलेलं आहे. मी काय करू?"

सगुणाबाई खाली बसल्या. कलम त्यांचंच होतं.

आमदार होण्याआधी बावीस वर्षं त्या धानोली तालुक्यात आरोग्यसेविका होत्या. नदीपलीकडच्या उपकेंद्रात एक दिवस गेलं नाही तर त्या दिवसाचा पगार कापला जाई, मग पूर असो की ताप. पुढे निवडून आल्या, आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत औषधपुरवठ्याचं एक चांगलं विधेयक पडलं. विरोध झाला म्हणून पडलं नव्हतं. विधेयकाच्या बाजूचे एकवीस आमदार सकाळी सही करून निघून गेले होते, म्हणून पडलं होतं. त्या एकवीस जणांचा एक रुपयाही कापला गेला नाही. सगुणाबाईंनी तीन वर्षं खपून हजेरी कायदा करून घेतला. जेवढी मतदानं चुकतील तेवढ्या दिवसांचं वेतन कापायचं, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता गैरहजरांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पडद्यावर दाखवायची. आजारपणाची सूट त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती. "डॉक्टरचा दाखला कुठंही मिळतो जी," त्या भाषणात म्हणाल्या होत्या.

सही करून पळता येऊ नये आणि शेजाऱ्याला बटण दाबायला सांगता येऊ नये, म्हणून ही नवी आसनं आली. त्यामागचं शास्त्र सोपं होतं. हृदय दर ठोक्याला चुळकाभर रक्त जोराने महारोहिणीत फेकतं. बंदूक उडाली की खांद्याला मागे धक्का बसतो, तसा या फेकीचा धक्का सगळ्या शरीराला बसतो. तो इतका बारीक असतो की आपल्याला कळत नाही, पण गादीखाली पसरलेल्या एका पातळ पापुद्र्याला कळतो. दाब पडला की त्या पापुद्र्यात किंचित वीज तयार होते, आणि ठोक्यामागून ठोका अशी एक लहर उमटते. कुणाचं हृदय मोठं, कुणाच्या रक्तवाहिन्या ताठर, कुणाचा बांधा रुंद. त्यामुळे दोन माणसांची लहर सहसा सारखी नसते. आसन ती लहर आधी नोंदवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतं. जुळली तर मताचं बटण उजळतं. नाही जुळली तर बटण मुकं राहतं, आणि आसनावर कुणीही बसलेलं असलं तरी नोंद एकच होते.

सभागृहाबाहेर हिंदुराव साळोखे भेटले. विरोधी पक्षाचे हे आमदार साखरपट्ट्यातले. हजेरी कायद्याला सगळ्यात कडाडून विरोध यांनीच केला होता. "आमदार म्हंजे काय गिरणीतला कामगार हाय?" असं विचारून त्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं, आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेतनही त्यांचंच कापलं गेलं होतं. मग गावोगावच्या पडद्यांवर रोज त्यांचं नाव झळकू लागलं. तेव्हापासून ते जे बसायला लागले ते उठलेच नाहीत. गेल्या पावणेदोन वर्षांत त्यांचं एकही मतदान चुकलं नव्हतं, आणि पुढच्या निवडणुकीसाठी त्यांच्या माणसांनी तेवढंच भांडवल धरलं होतं.

"या बाई, आमच्या पंगतीत या," ते म्हणाले. "पैल्या दिवशी लई लागतं. मग सवय हुते."

सगुणाबाईही हसल्या. पण त्या आठवड्यात तसं आणखी दोनदा झालं. मधली चार मतदानं मात्र सुरळीत नोंदली गेली.

धानोलीहून त्यांच्या यजमानांचा, लक्ष्मणरावांचा फोन आला. ते वनखात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. "पडद्यावर तुझं नाव आलं," ते म्हणाले. "लोक मला विचारतात, बाई कुठं हिंडतात म्हणून."

"मी तिथंच होते."

"मला सांगू नको. मला माहीत आहे. मशीनवाल्याला विचार."

मशीनवाला म्हणजे हजेरी कक्षाचा अभियंता, नझीर मुलाणी. चाळिशीचा, नेमस्त माणूस. सगुणाबाईंच्या आधी त्यांच्या पक्षाचे प्रतोद त्याच्याकडे येऊन गेले होते. गुरुवारी उपकेंद्र विधेयक मतदानाला येणार होतं. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या प्रत्येक गावाला दहा किलोमीटरच्या आत बाळंतपणाची सोय देणारं ते विधेयक म्हणजे सगुणाबाईंचं आयुष्यभराचं काम. त्यासाठी साखर कारखान्यांच्या मळीवर उपकर बसणार होता, म्हणून विरोधक एकजुटीने उभे होते. विधेयकाच्या बाजूने एकच मत जास्त होतं. "नवा नमुना घ्या आणि विषय संपवा," प्रतोदांनी फर्मावलं होतं.

नवा नमुना घेणं पाच मिनिटांचं काम होतं. आसन पुन्हा जुळलं असतं, तक्रार मिटली असती. पण नझीर आधी आठ वर्षं हृदयाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता, आणि न जुळलेल्या लहरी सात दिवस राखून ठेवलेल्या असतात. त्या उघडायला त्या सदस्याची लेखी परवानगी लागते. त्याने सगुणाबाईंकडून ती घेतली आणि एकट्याने बसून तिन्ही लहरी पाहिल्या. नियम स्पष्ट होता: लहरीवरून माणूस ओळखायचा, बाकी कसलाही अर्थ काढायचा नाही. आमदारांनी यंत्राला होकार दिला होता तो याच अटीवर.

सोमवारी दुपारी त्याने बाईंना कक्षात बोलावलं आणि दोन कागद समोर ठेवले.

"हा दोन वर्षांपूर्वीचा नमुना. हा शुक्रवारचा. मला यावर काही बोलायची परवानगी नाही," तो म्हणाला. "पण कागद तुमचेच आहेत. आणि तुम्ही बावीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहिल्यात."

पहिल्या कागदावर लाटा सारख्या अंतराने आल्या होत्या. दुसऱ्यावर दोन जवळजवळ, मग मोठी खिंड, मग तीन घाईघाईच्या, एक उंच, एक बुटकी. सगुणाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. एक मिनिट झालं. त्यांनी पुन्हा मोजली.

"प्रतोदांनी तुम्हाला नवा नमुना घ्यायला सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाई."

"घेतला असता तर मला कळलंच नसतं."

बाईंनी दोन्ही कागद पिशवीत ठेवले. "तुमचे उपकार आहेत जी," त्या म्हणाल्या आणि तडक दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी कधी गुडघे सुजून ताप आला होता का? आला होता, आठव्या वर्षी. आईने गावठी पाला बांधला होता. त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची झडप तेव्हाच चिकटायला सुरुवात झाली होती आणि पंचेचाळीस वर्षं ती हळूहळू अरुंद होत गेली होती. पायऱ्या चढताना दम लागायचा, तो बाईंनी वयाच्या खात्यावर टाकला होता. आता रक्त तुंबून वरचा कप्पा फुगला होता आणि ठोके मधूनमधून बेताल होत होते. ठोके बेताल झाले की आसन त्यांना ओळखत नव्हतं. फुगलेल्या कप्प्यात रक्ताची एक गुठळी धरली होती.

"ती सुटली तर मेंदूत जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच दाखल व्हा. परवा सकाळी शस्त्रक्रिया. झडप बदलू, गुठळी काढू."

"शुक्रवारी केली तर?"

"शुक्रवारपर्यंत ती जागेवर राहील, असं मी लिहून देऊ शकत नाही."

सगुणाबाईंनी लकवा झालेली माणसं पाहिली होती. घास भरवायला लागणारी, स्वतःच्या लेकराचं नाव न आठवणारी. पण त्यांनी नदीकाठी बाळंत होताना गेलेल्या अकरा बायकाही पाहिल्या होत्या, आणि त्या अकराही जणींची नावं त्यांना पाठ होती. रक्त पातळ करणारं इंजेक्शन घेऊन, कागदावर सही करून त्या बाहेर पडल्या. गुरुवारी आसन ओळखेल की नाही याची खात्री नव्हती, तरी मंगळवारी सकाळी पुन्हा सभागृहात येऊन बसल्या.

मधल्या सुट्टीत उपाहारगृहात हिंदुराव समोरची खुर्ची ओढून बसले. चेष्टेच्या सुरात नव्हते.

"बाई, सकाळपासनं बघतोय. सारखं मनगट धरून बसलाय तुम्ही. काय झालंय?"

प्रतोदांना सांगितलं नव्हतं, लक्ष्मणरावांनाही सांगितलं नव्हतं. पण इतकं सरळ अजून कुणी विचारलंही नव्हतं. सगुणाबाईंनी सगळं सांगितलं. गुठळीही सांगितली.

हिंदुराव चहाच्या कपाकडे बघत राहिले. "आणि तरी गुरवारपतुर बसणार?"

"एका मताचा फरक आहे जी. मी नसले तर बरोबरी. बरोबरीत अध्यक्ष प्रथेप्रमाणे आहे ते तसंच राहू देतात. म्हणजे विधेयक पडलं."

"पडावं असंच मला वाटतंय," हिंदुराव म्हणाले. "त्या उपकरानं आमचा कारखाना मरंल. मी त्याच्या विरोधात चाळीस मिनिटं बोललोय."

"ऐकलंय मी. चांगलं बोललात."

मग हिंदुरावांनी कप बाजूला सारला. "तुम्ही आज जाऊन दाखल व्हा. गुरवारी मतदानाला मी बी बाहेर बसतो. तुमच्या बाजूचं एक गेलं, आमच्या बाजूचं एक गेलं. फरक हाय तेवढाच राहिला."

सगुणाबाईंना क्षणभर समजेना. "तुमच्या पक्षाचा आदेश आहे. आदेश मोडला तर आमदारकी जाते."

"पंधरा दिवसांत पक्षानं माफ केलं तर न्हाई जात."

"आणि नाही केलं तर? शिवाय तुमची पावणेदोन वर्षांची हजेरी..."

"ते माझं मी बघतो. मी कुणाला सांगणार न्हाई. तुमचं दुखणं तुम्हीच सांगायचं, आमच्या तोंडनं न्हाई." ते उठले. "मला हे विधेयक पाडायचंय बाई. पण तुम्ही आपरेशनच्या टेबलावर पडलाय म्हणून पडलं, असं नगं."

सगुणाबाईंनी तिथूनच लक्ष्मणरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माणूस कसा आहे?"

"सात वर्षं माझ्याशी भांडतो आहे. खोटं मात्र एकदाही बोललेला नाही."

"मग जा दाखल हो. मी गाडी पकडतो."

बुधवारी शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. गुरुवारी विधेयक मतदानाला आलं तेव्हा सगुणाबाईंना शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा उशाशी लक्ष्मणराव होते. त्यांनी वाकून कानाशी सांगितलं, "एकशे चाळीस विरुद्ध एकशे एकोणचाळीस. झालं तुझं विधेयक." बाईंच्या घशात नळी होती. त्यांनी बोटानेच काहीतरी विचारलं. लक्ष्मणरावांना कळलं. "नव्हते ते. बाहेर बसले होते."

पुढचं सगळं त्यांना आठव्या दिवशी समजलं, नझीर भेटायला आला तेव्हा. वर्तमानपत्रांनी दोघांची नावं शेजारी शेजारी छापली होती: कायदा करणारी बाई आणि कायद्याला विरोध करणारा बुवा, दोघेही ऐन वेळी पसार. पक्षाने हिंदुरावांना नोटीस दिली होती. पत्रकारांनी घेरलं तेव्हा ते म्हणाले होते, "चहाला गेलो हुतो, घंटा ऐकू आली न्हाई." पक्षाध्यक्षांपुढेही तेच. त्यांच्या मतदारसंघात कुणीतरी फलक लावले होते: 'कारखाना विकला, चहा प्याला.'

"त्यांनी खरं का सांगितलं नाही?" नझीरला कोडं पडलं होतं. त्याला सगळं ठाऊक नव्हतं.

"कारण मी अजून सांगितलेलं नाही," सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे कागद मागितला.

प्रतोद धावत आले. "बाई, हृदयाचं ऑपरेशन जाहीर केलंत तर पुढच्या वेळी तिकीट कोण देणार तुम्हाला? त्यांनी आपण होऊन केलं, त्यांना निस्तरू द्या."

"त्यांनी केलं म्हणून मी हे पत्र लिहू शकते आहे," त्या म्हणाल्या. अक्षर वाकडं येत होतं, तरी मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सभागृहात तो वाचला. 'माझ्या हृदयात गुठळी होती. मी मतदानाला आले असते तर कदाचित आज हे लिहायला नसते. सन्माननीय सदस्य श्री. साळोखे यांनी माझ्या अनुपस्थितीचा फायदा घ्यायचं नाकारलं आणि त्यासाठी स्वतः बाहेर बसले. त्यांचं मत विधेयकाच्या विरोधातच होतं आणि आहे. आम्हा दोघांचंही त्या दिवसाचं वेतन कापलं जावं. मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.'

विरोधी बाकांवर कुणी हसलं नाही. तेराव्या दिवशी पक्षाने नोटीस मागे घेतली. गावातले फलक मात्र तसेच राहिले, कारण विधानसभेतलं पत्र गावात कोण वाचतं?

म्हणून तीन महिन्यांनी, डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटल्यावर, सगुणाबाई आणि लक्ष्मणराव अकरा तासांचा प्रवास करून हिंदुरावांच्या माळेवाडीला गेले. भर दुपारी सोसायटीच्या गोदामात सभा भरली. दुसऱ्या पक्षाची आमदारीण आपल्या गावात कशाला आली, हे बघायला माणसं आली होती. सगुणाबाईंनी पंधरा मिनिटांत घडलं तसं सांगितलं.

मागून एकाने विचारलं, "म्हंजे बाई, आमच्या आमदारानं आमच्याच कारखान्यावरचा उपकर पास हुऊ दिला की."

"नाही जी. मी धडधाकट असते तरी तो एका मतानं पास झाला असता. त्यांनी एवढंच केलं, की माझं आजारपण तुमच्या बाजूचं मत म्हणून मोजलं नाही."

गोदामात कुजबुज झाली. पुढे बसलेले एक वयस्क शेतकरी सावकाश उठले. "उपकराचा राग हाय, आणि तो ऱ्हाणार," ते म्हणाले. "पण आजारी बाईच्या जिवावर जिंकायचं न्हाई म्हटलं आमच्या माणसानं, हे आधी का न्हाई सांगितलं आमास्नी? फलक आमच्याच पोरांनी लावल्यात. आज काढाय लावतो."

हिंदुराव खाली मान घालून बसले होते.

जेवायला सगळे त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शालनताईंनी सगुणाबाईंचं ताट वेगळं मांडलं होतं. "तुमच्या दवाखान्यात फोन करून विचारलं मी," त्या म्हणाल्या. "रक्त पातळ करायच्या गोळ्या असल्या की पालेभाजी रोज जेवढी खाता तेवढीच खायची, कमी न्हाई आणि जास्त न्हाई, असं म्हणाले. तर मापाची वाटी दाखवा. तेवढीच वाढते."

सगुणाबाईंनी एक वाटी उचलून दाखवली. शालनताई भाकरी आणायला आत गेल्या.

"हजेरी कायद्यात दुरुस्ती आणते आहे," थोड्या वेळाने सगुणाबाई हिंदुरावांना म्हणाल्या. "मसुदा दाखवायला आणलाय. पहिलं कलम, खऱ्या आजारपणाला सूट. ती न ठेवण्यात माझं चुकलं होतं. दुसरं, कुणी आजारी सदस्यासाठी तुमच्यासारखं बाहेर बसलं तर त्याचंही वेतन कापू नये."

हिंदुरावांनी कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. "पैल्याला माझा पाठिंबा. दुसऱ्याला विरोध."

"का जी?"

"फुकटात बाहेर बसाय मिळालं तर उद्या निम्मं सभागृह कुणाच्या ना कुणाच्या नावानं बाहेर बसंल. आणि ज्याला खरंच बसायचंय, तो पगार कापला तरी बसतोय." त्यांनी कागद परत दिला. "त्या दिवसाचा पगार गेल्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाई बाई. ते तसंच असू द्या."

सगुणाबाईंनी लक्ष्मणरावांच्या खिशातलं पेन घेतलं आणि दुसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली. मग कागदाची घडी करून बाजूला ठेवली.

"आता जेवा," हिंदुराव म्हणाले. "भाकरी गार हुतीय."

शस्त्रक्रियेपासून त्या घासभर खाऊन उठत असत. त्या दुपारी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर थोडा भात मागितला. लक्ष्मणराव हात धुवायचे थांबून त्यांच्याकडे बघत राहिले.